मशीन राहू द्या, आधी तुटलेला आकडा दाखवा

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागात शिकवते. आमच्याकडे फिलामेंटवर, म्हणजे वितळवून वापरायच्या प्लास्टिकच्या तारेवर, चालणारे चार थ्रीडी प्रिंटर आहेत आणि ‘ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग’ (थरावर थर रचून वस्तू घडवणं) हा ऐच्छिक विषय यंदापासून माझ्याकडे आला आहे. मुलं विषय उत्साहाने घेतात, पण इंटरनेटवरून तयार मॉडेल उतरवतात, बटण दाबतात आणि कीचेन नाही तर मोबाइल स्टँड घेऊन घरी जातात. परीक्षेत अशा छपाईच्या सातही प्रक्रियांच्या व्याख्या घोकून लिहितात. शिवाय महिन्यातून एकदा शाळांमध्ये जाऊन प्रात्यक्षिक द्यायचं असतं. तिथे पाच मिनिटं गर्दी होते, मग मुलांचं लक्ष उडतं. मागच्या वेळी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘हे दुकानात तयार मिळतं, मग एवढा वेळ का घालवायचा?’’ मला नीट उत्तर देता आलं नाही. विभागप्रमुख म्हणतात, धातूचा प्रिंटर घेतला की विषयाला वजन येईल. मी जे करते आहे त्याला शिक्षण म्हणायचं का? आणखी एक गोष्ट खटकते. गटात काम दिलं की मुलगे मशीनजवळ आणि मुली अहवाल लिहायला, असं दर वेळी होतं. काय करू?

उत्तर :

मॅडम,

तुमचं पत्र वाचताना मी त्या सातवीतल्या मुलीपाशी थांबलो. बाकीचं पत्र नंतर वाचलं. तिने विचारलेला प्रश्न हा तुमच्या अभ्यासक्रमाचा पहिला तास आहे. दुकानात मिळतं, मग छापायचं कशाला? याचं उत्तर प्रत्येक वस्तूला वेगळं, आणि बहुतेक वस्तूंना ते ‘छापू नका’ असंच. समोर ठेवलेली वस्तू हातात घेऊन ‘ही छापायची, ही नाही आणि का’ एवढं तुमच्या विद्यार्थ्याला सांगता आलं, तर त्याला विषय आला. नाही तर त्याला एक मशीन चालवता येतं, आणि ते आठवडाभरात कुणालाही येतं.

तिला मी असं सांगेन. प्लास्टिकची बादली साच्यातून येते. साचा करायला खूप वेळ आणि पैसा जातो, पण एकदा तो झाला की नग भराभर पडत राहतात आणि साच्याचा खर्च हजारो नगांवर वाटला जातो. प्रिंटरला साचा लागत नाही, पण शंभराव्या नगालाही पहिल्याइतकाच वेळ लागतो. म्हणून कीचेनमध्ये प्रिंटर हरतो, आणि हे मुलांना मोकळेपणाने सांगावं. आता कान घ्या. कानात बसणाऱ्या श्रवणयंत्राचं कवच त्याच माणसाच्या कानाच्या मापाचं लागतं. दोन माणसांचे कान सारखे नसतात, एकाच माणसाचा डावा-उजवाही पुरता जुळत नाही. तिथे प्रत्येक नग पहिला आणि तोच शेवटचा, साचा कशाचा करणार? म्हणून अशी मापाची कवचं आज जवळपास सगळी छापूनच होतात. मोठ्या मुलांना विमानाच्या लीप इंजिनातला इंधनाचा नोझल सांगा. आधी तो सुमारे २० तुकडे जोडून करावा लागे, आता तो एकसंध छापतात आणि वजन सुमारे २५ टक्क्यांनी उतरलं. त्याच्या आतून इंधनाच्या ज्या वळणावळणाच्या वाटा जातात, तिथपर्यंत ड्रिल पोहोचूच शकत नाही. सातवीच्या मुलीला हे सगळं कळतं. तिने प्रश्नच तसा विचारला आहे.

आता तुमचा वर्ग. मुलं व्याख्या घोकतात याचं कारण त्यांच्या हातात अजून काही तुटलेलं नाही. पहिल्या प्रात्यक्षिकाला मी एकच गोष्ट करून घेतो. कपडे अडकवायचा साधा आकडा, एकच फाइल, एकच पीएलए (फिलामेंटचं नेहमीचं प्लास्टिक), ज्यातून ते वितळून बाहेर येतं तो ०.४ मिलिमीटरचा नोझल, ०.२ मिलिमीटरचा थर. एक आकडा बेडवर, म्हणजे मशीनच्या सपाट तळावर, आडवा झोपवून छापायचा, दुसरा उभा. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले की दिसायला सारखेच. मग प्रत्येकाने वहीत लिहायचं : कुठला आधी तुटेल, कुठे तुटेल, का? लिहून झाल्याशिवाय वजन लावायचं नाही, ही अट मी कधी सोडत नाही. मग आकड्याला पिशवी अडकवून एकेक लिटर पाण्याच्या बाटल्या टाकत जायच्या.

उभा छापलेला आकडा आधी जातो. काही कळायच्या आत खट्‌ असा आवाज होतो आणि पिशवी खाली. तुटलेली बाजू बोटाने चाचपायला सांगा. ती सपाट लागते, दोन चिकटवलेली पानं सुटावीत तशी. तडा थराला धरून गेलेला असतो. आडवा आकडा त्याहून बरंच जास्त वजन घेतो, थोडा उघडतो, ताण आलेल्या जागी पांढुरका पडतो आणि तुटलाच तर वेडावाकडा, रेषा-रेषा ओढत तुटतो. आता सांगा, कारण ऐकायला वर्ग तयार असतो. वितळलेली रेषा खालच्या थरावर पडते तेव्हा तो थर निवलेला असतो. दोन थरांमधली मिळणी एकाच रेषेच्या आतल्या प्लास्टिकइतकी पक्की होत नाही. उभ्या आकड्यात वजनाची ओढ थेट त्या सांध्यांवर येते, आडव्यात ती रेषांच्या लांबीवर येते. ‘ॲनआयसोट्रॉपी’, म्हणजे दिशेप्रमाणे ताकद बदलणं, हा शब्द याच्यानंतर फळ्यावर लिहा, आधी नको. ज्याने स्वतःचा अंदाज चुकलेला पाहिला त्याला तो शब्द पुन्हा घोकावा लागत नाही.

दुसरं प्रात्यक्षिक भोकाचं. ५ मिलिमीटरचा बोल्ट द्या आणि तो आरपार जाईल अशी पट्टी काढायला सांगा. निम्मा वर्ग संगणकावर बरोबर ५ चं भोक काढतो, छापतो, आणि बोल्ट तोंडाशीच अडतो. मग कानस, मग जबरदस्ती, मग पट्टीला तडा. तेव्हा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात द्यायचा. भोक ४.७ किंवा ४.८ भरतं. वितळलेलं प्लास्टिक वळणावर आतल्या बाजूला सरकतं, निवताना आक्रसतं, आणि गोल म्हणून काढलेली रेषा फाइलमध्ये मुळात छोट्या-छोट्या सरळ तुकड्यांची असते. किती फट सोडायची हे माप पुस्तकातून देऊ नका. ५.१ पासून ५.६ पर्यंतच्या भोकांची एक पट्टी त्यांनीच छापावी आणि तुमच्या चार मशीनपैकी प्रत्येकाचं माप मशीनवर लिहून चिकटवावं. ते चारांचं वेगळं निघेल, आणि त्यावर अख्खा तास जाऊ द्या. जाण्यासारखाच तास आहे तो.

गुणांचं म्हणाल तर शेवटच्या वस्तूला गुण देणं मी केव्हाच सोडलं. प्रत्येकाने एक भाग तीन वेळा छापायचा, पहिला बिघडलेला टाकायचा नाही, आणि पहिल्याहून दुसरा का बदलला, दुसऱ्याहून तिसरा का, यालाच गुण. प्रयोगशाळेत एक मोठा डबा ठेवा. कोपरे उचललेले, सपोर्टशिवाय (खालून दिलेल्या तात्पुरत्या टेकूशिवाय) लोंबलेले, अर्ध्यावर बेडवरून सुटून धाग्यांचा गुंता झालेले, सगळे नग त्यात. वरच्या बाजूला तारीख आणि एक ओळ कारण. वर्षाच्या शेवटी तो डबा तुमचं सगळ्यात चांगलं पाठ्यपुस्तक झालेला असेल. तयार मॉडेल उतरवायला बंदी घालू नका, पण त्याच्यावर काम लावा : याचं वजन निम्मं कर, सपोर्ट न लागता छापता येईल असा बदल, नाही तर हे छापूच नये हे पटवून दे. सात प्रक्रियांचा तक्ता मात्र लवकर उरका. आयएसओ-एएसटीएम ५२९०० या मानकाने त्या सात गटांत बांधल्या आहेत, नावं एका पानावर मावतात आणि ते पान परीक्षेत उघडं ठेवू द्यावं.

आता शाळा. तिथे मशीन चालू करून मुलांना भोवती उभं करणं बंद करा. हातभर वस्तूला कित्येक तास लागतात, मूठभर वस्तूलाही पाऊण तास सहज जातो, आणि नोझल पुढे-मागे जाताना पाहण्यात पाच मिनिटांपलीकडे पाहण्यासारखं काही नसतं. मुलांचं लक्ष उडतं यात त्यांचा दोष नाही. मी एकच वस्तू चार टप्प्यांवर थांबवून नेतो : नुसता तळ, पाव, अर्धी, पूर्ण. ती हातोहात फिरू द्या. अर्धवट तुकड्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते तेव्हा ‘आत पोकळ आहे!’ असा ओरडा दर वेळी होतो. इतकं भरीव दिसतं ते आतून हवाच, मग तुटत का नाही? पुढचा अर्धा तास तुमचा.

आणि मशीनशिवायही हे शिकवता येतं. भूगोलाच्या पुस्तकातला समोच्च रेषांचा डोंगर घ्या. प्रत्येक रेषेचा आकार जाड पुठ्ठ्यावर कापायचा, एकावर एक चिकटवायचा. डोंगर उभा राहतो, पण पायऱ्यापायऱ्यांचा. दुसऱ्या गटाला तोच डोंगर पातळ कार्डशीटमध्ये, जास्त रेषा घेऊन करायला द्या. त्यांचा गुळगुळीत होतो, पण त्यांना दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. थराची जाडी, पायऱ्या आणि वेळ यांचं नातं कात्रीने कळलं, स्लायसर (मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) न उघडता. ही कल्पना प्रिंटरहून कितीतरी जुनी आहे. ब्लँथर नावाच्या माणसाने १८९२ साली अमेरिकेत याच पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. मेणाच्या पत्र्यांवर समोच्च रेषा कापायच्या, ते रचायचे आणि त्यावरून उठावाचे नकाशे करायचे.

पण शाळेला जाणं आणि तुमचा ऐच्छिक विषय ही दोन कामं आहेत असं तुमच्या पत्रातून वाटतं. ती एकच करा. शाळेतून गरज आणायची, विद्यार्थ्यांनी त्यावर सत्र काढायचं, आणि वस्तू परत त्याच मुलाच्या हातात द्यायची. आमच्या एका तुकडीने दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी हृदयाच्या आकृतीची पट्टी करायला घेतली, भागांची नावं ब्रेलमध्ये. ब्रेलचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतो. पट्टी आडवी छापली तेव्हा ०.२ च्या थराने तो ठिपका दोन-तीन थरांत संपला, माथा चपटा, कडेला सुटलेल्या धाग्याचं टोक. संगणकावर ते सुरेख दिसत होतं. नववीतल्या मुलीने त्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. ‘‘टोचतंय,’’ ती म्हणाली. मग पुन्हा बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘हे अक्षर कुठलं ते कळत नाही, दोन ठिपके एकमेकांत गेलेत.’’

आमची पोरं गप्प झाली. परतताना कुणीतरी म्हणालं, सर, तो आकडा आपण उभा केला म्हणून तुटला, पण ही पट्टी उभी केली तर? उभ्या पट्टीत ठिपक्याची गोलाई नोझल वळताना घडते, थरांच्या पायऱ्यांनी नाही. पायाला रुंद ब्रिम, म्हणजे तळाशी पसरलेली पातळ कड, दिला, पट्टी थोडी जाड केली म्हणजे डुलणार नाही. आठवड्याने त्याच मुलीने ती पट्टी एका दमात वाचली आणि हृदयाच्या डाव्या झडपेपाशी थांबून विचारलं, ‘‘रक्त इथून परत का जात नाही?’’ तो जीवशास्त्राचा प्रश्न होता. म्हणजे पट्टी तिच्या वाटेतून बाजूला झाली होती. जी दिशा ताकदीसाठी वाईट तीच वाचण्यासाठी चांगली, हे माझ्या व्याख्यानाने त्यांना कधी कळलं नसतं. तुमच्या शाळांमध्येही अशा गरजा आहेत. पेन्सिल धरता न येणाऱ्या मुलाची पकड, खुर्चीला अडकवायचा कुबडीचा चिमटा, कुणी बनवतच नाही असा जुन्या सूक्ष्मदर्शकाचा गोल खटका. विचारत जा.

शाळेत जाताना काही गोष्टींना ठाम नकार द्या. काही प्रिंटरमध्ये प्रकाशाने घट्ट होणारं द्रव, म्हणजे रेझिन, वापरतात; न सुकलेला रेझिन मुलांजवळ नेऊ नका, तो त्वचेला लागत राहिला तर कायमची ॲलर्जी जडू शकते. एबीएस हे दुसरं प्लास्टिक छापताना स्टायरिन या रसायनाची वाफ निघते, बंद वर्गात ते नको. पीएलए चालेल, पण खिडक्या उघड्या ठेवा, कारण अतिसूक्ष्म कण सगळ्याच फिलामेंटमधून थोडेफार सुटतात. नोझल २०० अंशांच्या आसपास तापलेला असतो, तेव्हा मशीनला झाकण हवंच.

धातूच्या प्रिंटरबद्दल मी स्पष्ट लिहितो : सध्या घेऊ नका. विभागप्रमुखांचा हेतू चांगला आहे, पण ते एकटं मशीन येत नाही. त्यात धातूची पूड लेसरने थराथराने वितळवतात, आणि ती पूड साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची, माणसाच्या केसाहून बारीक. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची अशी पूड हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर पेट घेते. म्हणून आत आरगॉन भरायचा, आणि आरगॉन खोलीत गळला तर खोलीतला प्राणवायू कमी होतो, त्याचा इशारा देणारं यंत्र हवं. पूड चाळायची सोय, ठिणगी न पडणारा व्हॅक्यूम, श्वसनाचे मास्क. छापून झालं की ताण काढायला भट्टी, प्लेटवरून कापायला वायरकट, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणारं यंत्र. आणि हे सगळं रोज सांभाळणारा प्रशिक्षित माणूस. तो माणूस मंजूर होत नाही आणि मशीन काचेआड जातं, पाहुणे आले की दाखवायला. असं झालेलं मी जवळून पाहिलं आहे. तीन वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्या मशीनला हात लावला नव्हता.

त्यापेक्षा धातूचा कारखाना असेल तिथे वर्षातून दोनदा मुलांना न्या, आणि तिथून एक वस्तू मागून आणा : प्लेटवर कंगव्यासारख्या पायांवर छापलेली एक आडवी पट्टी, पाय अर्धे कापलेले. कापलेल्या बाजूचं टोक वर उचललेलं दिसतं. लेसरने वितळलेला प्रत्येक थर निवताना आक्रसू पाहतो, खालचा थर त्याला धरून ठेवतो, आणि तो ताण आत साठतो. पाय कापले की तो सुटतो आणि पट्टी वाकते. टेबलावर ठेवलेली ती वाकडी पट्टी तुमच्या वर्गाला बंद काचेच्या मशीनहून जास्त शिकवेल.

विषयाला वजन कशाने येतं याचा इतिहासही विभागप्रमुखांना सांगा. चक हल यांचं स्टिरिओलिथोग्राफीचं, म्हणजे प्रकाशाने रेझिन थराथराने घट्ट करण्याचं, पेटंट १९८६ चं, ते उद्योगातून आलं. पण पुढचं बरंच काही विद्यापीठांच्या खोल्यांतून आलं. पुडीवर लेसर फिरवून ती थराथराने जोडायची कल्पना टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्याने जो बीमन या शिक्षकांच्या हाताखाली उभी केली, १९८० च्या दशकात. पुडीवर बाइंडरचे, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रवाचे, थेंब टाकायची पद्धत अमेरिकेतल्याच एमआयटीत इमॅन्युएल सॅक्स यांच्या गटाची. स्कॉट क्रंप यांची फिलामेंटची पद्धत १९८९ च्या सुमाराची, पण तिचं मूळ पेटंट २००९ साली संपलं आणि यंत्रं झपाट्याने स्वस्त झाली. त्याआधीच, २००५ मध्ये, ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांनी स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापणाऱ्या मशीनचा रेपरॅप प्रकल्प सुरू केला आणि सगळे आराखडे लोकांना खुले केले. तुमच्या प्रयोगशाळेतल्या चारही प्रिंटरचा वंशवृक्ष बहुधा तिथे जाऊन पोहोचतो. या लोकांकडे तयार मशीन नव्हतंच. तुम्ही जे करता त्याला शिक्षण म्हणायचं का, असं विचारलंत. चार साधे प्रिंटर आणि उघडता येणारा प्रत्येक स्क्रू, एवढ्यावर खरं विद्यापीठाचं काम होतं. एक मशीन तर पहिल्याच महिन्यात मुलांकडून पूर्ण खोलून परत जोडून घ्या.

राहिला मुलींचा प्रश्न. पत्रात तुम्ही तो शेवटी, जाता-जाता लिहिलात, पण माझ्या मते तो सगळ्यात आधी सोडवायचा. समजावून हे बदलत नाही, नियमाने बदलतं. गटाचा एकच भाग ही पद्धत बंद करा. ज्याचा भाग, त्यानेच बेड समतल करायचा, फिलामेंट चढवायचं, तुंबलेला नोझल साफ करायचा, आणि त्याचा अहवालही त्यानेच लिहायचा. दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही, मदत मागितली तर तोंडाने सांगायचं, हात खिशात. पहिले दोन आठवडे तक्रारी येतील, ‘मॅडम, वेळ वाया जातो.’ जाऊ द्या. नोझल पहिल्यांदा स्वतः साफ केलेली मुलगी पुढच्या वेळी मागे उभी राहत नाही. आमच्याकडे पुढे तीच दुसऱ्यांना शिकवायला लागली.

आणि शाळेच्या पुढच्या फेरीला मशीनचं काम तुमच्या दोन विद्यार्थिनींकडे द्या, तुम्ही मागच्या बाकावर बसा. त्या सातवीच्या मुलीच्या शाळेतच जा. तिला सांगा की तिच्या प्रश्नावर तुमच्या वर्गाने एक तास काढला. मग दोन्ही तुटलेले आकडे तिच्यासमोर ठेवा, व्हर्नियर तिच्या हातात द्या, आणि घरातली दुकानात न मिळणारी एखादी तुटकी वस्तू पुढच्या वेळी घेऊन यायला सांगा. तिने काय आणलं ते मला नक्की कळवा.